वाचक विचारतात: डिकलखाली चंदेरी झाक का येते?

१:७२ मापाच्या मिग-२१ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलवर डिकलची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छापील चित्रांची) भारतीय वायुसेनेची चक्रं लावली. ओली असताना छान दिसत होती, वाळल्यावर पारदर्शक कडेखाली चंदेरी झाक आली. वरून मॅट वार्निश मारलं तरी गेली नाही. डिकलच खराब होते का? – वाचक, नाशिक

डिकल बहुधा ठीक होते, खालचा रंग मॅट होता. मॅट रंग हाताला गुळगुळीत लागला तरी बारकाईने पाहिल्यास खडबडीत असतो. डिकल उंचवट्यांवर टेकतो, खळग्यांत हवा अडकते आणि तीच चकाकते. म्हणून रंग पुरता वाळला की आधी ग्लॉस क्लिअरचे, म्हणजे चकचकीत पारदर्शक वार्निशचे, दोन-तीन पातळ हात द्या (तामियाचा एक्स-२२ चालतो) आणि दिवसभर तरी हात लावू नका. पावसाळ्यात, त्यातून कोकणात असाल तर, लॅकरचा स्प्रे उघडीप बघूनच मारा. दमट हवेत तो दुधाळ होतो.

चक्राभोवतीची पारदर्शक कड रंगाच्या जितकी जवळ कापाल तितकं बरं. डिकल कोमट पाण्यात १०-१५ सेकंद बुडवून टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यातच तरंगत राहिला तर मागचा डिंक धुऊन जातो. मॉडेलवर मायक्रो सेट, म्हणजे डिकल नीट चिकटवणारं निळ्या लेबलच्या बाटलीतलं द्रव, ब्रशने लावा, त्यावर डिकल सरकवा आणि ओलसर इअरबडने मधून कडेकडे पाणी काढा. मग वरून डिकल मऊ करणारं, लाल लेबलचं मायक्रो सोल. थोड्या वेळात डिकल सुरकुततो आणि नेमका तेव्हाच बहुतेकांचा हात शिवशिवतो. लावू नका! तेव्हा तो इतका मऊ असतो की बोट लागलं तरी फाटतो. वाळताना आपोआप ताणून पॅनेलच्या (विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या) रेषांत बसतो. जाड डिकलला सोलचा दुसरा हात लागतो.

तुमच्या मिगवर आता वार्निशमुळे सोल आत झिरपायला वाट नाही. झाक असेल तिथे बारीक सुईने टोचा, सोलचा थेंब सोडा, वाळू द्या, पुन्हा करा. शेवटी मॅटचा एक हात.

जुन्या किटमधले डिकल पिवळे पडलेत. टाकून देऊ? – वाचक, बेळगाव

नको. झिपच्या पिशवीत घालून, छापील बाजू काचेकडे ठेवून, उन्हाच्या खिडकीला चिकटवा. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. मग नको असलेला एखादा डिकल पाण्यात टाकून पाहा. तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर ग्लॉस क्लिअरचा हात द्या. त्यानंतर मात्र प्रत्येक डिकल कडेकडेने कापावा लागेल, कारण सगळी शीट एकाच थराखाली आलेली असते.

किटचे भाग कापून डबीत ठेवतो आणि मग कुठला कुठला ते कळत नाही. – वाचक, ठाणे

आधी कापताच कशाला? भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात त्या फ्रेमवरचा नंबर हीच भागाची ओळख. त्या पायरीला लागतील तेवढेच भाग काढा. फ्रेमचं अक्षर मार्करने मोठं लिहा आणि फ्रेम कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर क्रमाने टांगा. रंगवण्यासाठी आधीच काढावे लागणारे भाग, उदाहरणार्थ चाकं आणि क्षेपणास्त्रं, मास्किंग टेपच्या पट्टीवर चिकटवून शेजारी नंबर लिहा. कॉकपिटची काच वेगळ्या पिशवीत. इतर प्लास्टिकवर घासली की ओरखडे आलेच. बारीक भाग मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून कापा, म्हणजे चिमट्यातून उडाला तरी पिशवीतच पडेल.