चार माणसांच्या धंद्याला सीआरएम लागतं का, आणि घ्यायचं तर कोणतं?

तुमचा प्रश्न असा: प्रिंटर आणि कॉम्प्युटरच्या देखभालीचा धंदा, तुम्ही धरून चार माणसं. ग्राहकांची माहिती थोडी एक्सेलमध्ये, थोडी प्रत्येकाच्या मोबाइलवरच्या व्हॉट्सॲपमध्ये, उरलेली तुमच्या डोक्यात. तीन कंपन्यांच्या सीआरएमचे, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी आणि पाठपुरावा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे डेमो बघितले, तिन्ही आवडले, आणि आता घ्यावं की एक्सेलवरच भागवावं हे ठरत नाही. मी लहान धंद्यांना अशा सिस्टिम बसवून देतो, कुठल्या एका कंपनीचा एजंट नाही, तेव्हा स्पष्टच लिहितो.

डेमो तूर्त विसरा आणि एक करून बघा. आत्ता तुमच्याकडे कोणकोणत्या चौकशा चालू आहेत, त्यातल्या प्रत्येकीत पुढचं काम काय, ते कोण करणार आणि कोणत्या तारखेला, हे कोणालाही फोन न करता सांगा. सांगता आलं तर सीआरएमवाचून तुमचं काही अडलेलं नाही. नाही आलं, तर तुम्हाला हवी असलेली गोष्ट एवढीच आहे, आणि डेमोत दाखवलेले रंगीत आलेख, स्वयंचलित ईमेल, डॅशबोर्ड हे सगळं नंतरचं.

तुमच्या एक्सेलमध्ये शेवटी ‘रिमार्क’ नावाचा कॉलम असणार. माझ्या पाहण्यातल्या जवळपास प्रत्येक शीटमध्ये तो असतो आणि त्यात मजकूरही ठरलेला असतो: ‘फोन केला. बघतो म्हणाले.’ त्याखाली दोन आठवड्यांनी ‘परत फोन केला. नंतर करा म्हणाले.’ कोणी केला, कोणाशी बोलणं झालं, ‘नंतर’ म्हणजे कधी, काही पत्ता नाही. आता हीच नोंद अशी असती तर बघा: ‘पाचऐवजी तीनच प्रिंटरचं कोटेशन हवंय. सही अकाउंट्सच्या मॅडमची, महिनाअखेरीला त्यांना वेळ नसतो. नवं कोटेशन आज पाठवायचं, ३ तारखेला सकाळी मॅडमना फोन.’ पहिली नोंद वाचून कोणाला काही करता येत नाही. दुसरी वाचून तुमच्याकडे काल लागलेला मुलगासुद्धा फोन लावू शकतो.

म्हणून आजच्या आज ‘रिमार्क’ कॉलम मोडीत काढा आणि त्याच्या जागी तीन कॉलम करा: पुढचं काम, तारीख, कोणाकडे. रोज सकाळी शीट तारखेप्रमाणे लावायची आणि आजच्या ओळी वाटून द्यायच्या. महिनाभर हे नेमाने चाललं तर सीआरएम घ्या, ते चालेल. एक्सेलमध्येच आठवड्याभरात बारगळलं, तर पैसे भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येही बारगळेल, फक्त महागात पडेल.

तुमच्या बाबतीत एक्सेल पुढे अपुरं पडणार, हे मात्र मला जवळजवळ नक्की वाटतं. चौघं एकाच फाइलवर लिहितायत. एकाने दुसऱ्याचा मजकूर पुसला तर कळत नाही. एका ग्राहकाशी वर्षभरात काय काय बोलणं झालं हे एका चौकोनात मावत नाही. आणि मुख्य म्हणजे शीट स्वतःहून आठवण करत नाही. तेव्हा सीआरएम घ्या, पण लहान घ्या.

‘लहान’ म्हणतोय त्याला कारण आहे. या सॉफ्टवेअरचा साचा पडला तो मोठ्या कंपन्यांसाठी. सीबेल सिस्टिम्स १९९३ साली निघाली, तिची गिऱ्हाइकं म्हणजे शेकडो विक्री प्रतिनिधी बाळगणाऱ्या कंपन्या. या तिमाहीत किती विक्री होईल याचा अंदाज वरच्या साहेबांना हवा असायचा, त्यासाठी खालच्यांनी फॉर्म भरायचे. १९९९ साली सुरू झालेल्या सेल्सफोर्सने तेच काम ब्राउझरमधून आणि भाड्याने द्यायला सुरुवात केली, त्यामुळे लहानांच्याही ते आवाक्यात आलं, पण साहेबांचे रकाने तसेच राहिले. ‘डील (म्हणजे विक्रीचा एक चालू व्यवहार) मिळण्याची शक्यता किती टक्के’ हा त्यातला अस्सल नमुना. चार माणसांच्या धंद्यात तो आकडा कोणीही मनाने टाकतं आणि कोणीही वाचत नाही. असे रकाने पहिल्याच दिवशी लपवून टाका. पायऱ्या चार पुरतात: चौकशी आली, कोटेशन दिलं, मिळालं, गेलं. ‘गेलं’ म्हणताना कारण निवडणं तेवढं सक्तीचं ठेवा, कारण सहा महिन्यांनी तीच यादी सगळ्यात जास्त कामाची ठरते. किंमत जास्त होती म्हणून गेलं आणि कोटेशन द्यायलाच आठ दिवस लावले म्हणून गेलं, या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत.

तुमच्या धंद्याची एक खोच आहे, ती विकायला येणारा सांगणार नाही. बहुतेक सीआरएम नवं गिऱ्हाईक कसं मिळवायचं याभोवती बांधलेली असतात. तुमची कमाई वार्षिक देखभालीच्या करारांवर, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकावर. कोणाकडे कोणतं मशीन, त्याचा सिरियल नंबर काय, करार कधी संपतो, मागच्या वेळी कोणता सुटा भाग बदलला, ही तुमची खरी माहिती. डेमोत नेमकं हेच विचारा: ‘एका ग्राहकाखाली त्याची सात मशीनं वेगवेगळी दाखवता येतील का, आणि प्रत्येकाचा इतिहास वेगळा राहील का?’ त्यासाठी स्वतःचं मॉड्यूल, म्हणजे मशीनांच्या नोंदींचा वेगळा विभाग, बनवावं लागतं, आणि ती सोय बऱ्याच कंपन्या महागड्या प्लॅनमध्ये ठेवतात. नसेल परवडत तर एक पळवाट आहे. नूतनीकरणाची वेगळी पाइपलाइन, म्हणजे पायऱ्यांची वेगळी मालिका, करा, प्रत्येक करार हे एक कार्ड, आणि करार संपायच्या ४५ दिवस आधीची तारीख ‘पुढचं काम’ म्हणून टाकून ठेवा. मशीनांची यादी त्याच कार्डाला जोडा. देखणं नाही, पण चालतं.

आणखी एक, कंपनी आणि माणूस या दोन नोंदी वेगळ्या ठेवा. तुमच्याशी बोलणारा ॲडमिनवाला नोकरी सोडून दुसरीकडे गेला, तर त्याच्याबरोबर कंपनीचा इतिहास जाता कामा नये. उलट तो जिथे गेला ते तुमचं पुढचं गिऱ्हाईक असू शकतं.

आता नावं. पाइपड्राइव्ह ही २०१० साली एस्टोनियात सुरू झालेली कंपनी. तिची पद्धत माझ्या मताशी सगळ्यात जवळची, कारण ज्या डीलला पुढचं काम लावलेलं नाही तिच्या कार्डावर ती पिवळी खूण दाखवते. झोहोचं बिगिन २०२० साली खास लहान धंद्यांसाठी आलं, त्यात एकापेक्षा जास्त पाइपलाइन करता येतात आणि मोबाइल ॲप सुटसुटीत आहे. तुमच्यासाठी मी पहिली चाचणी याचीच घेईन. हबस्पॉटचं फुकट सीआरएम २०१४ पासून आहे, चांगलं आहे, पण त्याचा ओढा मार्केटिंगकडे, आणि वरच्या प्लॅनवर जाताना किमतीची उडी मोठी असते. झोहो सीआरएमची फुकट आवृत्ती तीन वापरकर्त्यांपर्यंत चालते. तुम्ही चौघं, म्हणजे तुमच्या दारातच ती संपते. सूटसीआरएम आणि एस्पोसीआरएम ही मुक्त सॉफ्टवेअर, त्यात मशीनांचं मॉड्यूल हवं तसं बनवता येतं. पण सर्व्हर, अपडेट, बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला हे जमेलच असं वाटून लोक याच्या नादी लागतात. जमतंही. पण गिऱ्हाइकाकडची कामं सोडून आपला सर्व्हर सांभाळायला वेळ कोणाला असतो?

चाचणी घेताना जुनी सगळी यादी आत ओतू नका. चालू असलेल्या वीस-पंचवीस चौकशाच टाका. खरी परीक्षा ऑफिसातल्या टेबलावर होत नाही. गिऱ्हाइकाकडून बाहेर पडलेला तंत्रज्ञ, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोन, लिफ्टची वाट बघतोय. लिफ्ट यायच्या आत त्याला नोंद करता आली पाहिजे. चार स्क्रीन आणि सहा सक्तीचे रकाने असतील तर तो ‘ऑफिसला जाऊन टाकतो’ म्हणेल, आणि ती नोंद कधीच होणार नाही.

व्हॉट्सॲपबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. २०१८ साली आलेलं व्हॉट्सॲप बिझनेस ॲप जरूर वापरा, पण चौघांच्या चार खासगी नंबरांवरून नको. धंद्याचा एक नंबर, आणि त्याला बाकीची उपकरणं जोडा. एका फोनला चार जोडता येतात. लेबलं लावता येतात, पण लेबल तुम्हाला ‘कोटेशन दिलं’ एवढंच सांगतं, परवा काय करायचं ते सांगत नाही. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, त्यामुळे ‘सगळ्यांना पाठवलं’ या भ्रमात राहू नका. सीआरएममधूनच व्हॉट्सॲप चालवायचं असेल तर त्याचा एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडणारी सोय, लागतो. त्यात ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास उलटले की आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेटच, म्हणजे ठरावीक मजकूरच, पाठवता येतो. त्याचे पैसे सीआरएमच्या भाड्यात धरलेले नसतात, आणि डेमोत हा विषय सहसा निघत नाही. पहिल्या वर्षी याच्या वाटेला जाऊ नका असं माझं मत.

एक्सेलमधला डेटा हलवताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. एक, फोन नंबर. एकच ग्राहक तुमच्या यादीत तीनदा असतो: एकदा देशाचा कोड लावून, एकदा पुढे शून्य लावून, एकदा मध्ये मोकळी जागा सोडून. सॉफ्टवेअरला ही तीन वेगळी माणसं वाटतात. शिवाय साध्या चौकोनात एक्सेल पुढचं शून्य खाऊन टाकतं आणि बारा आकडी नंबर वैज्ञानिक पद्धतीने, म्हणजे मध्येच ‘ई’ घालून दाखवतं. तशीच फाइल सीएसव्ही (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात यादी न्यायची साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह केली तर शेवटचे आकडे कायमचे गेले. म्हणून नंबर भरायच्या आधीच तो कॉलम ‘टेक्स्ट’ करून घ्या आणि सगळे नंबर देशाच्या कोडसकट एकाच धाटणीत आणा. दोन, देवनागरीतली नावं. साध्या सीएसव्हीत ती टिकत नाहीत, प्रश्नचिन्हं किंवा अगम्य चिन्हांची माळ होते. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा, आणि आधी दहा ओळींची फाइल आत टाकून बघा.

सॉफ्टवेअर बंद पडलं तर काय, ही तुमची शंका रास्त आहे. लहान धंद्यांसाठीच बनवलेलं हायराइज २००७ साली आलं आणि २०१८ मध्ये नव्या गिऱ्हाइकांसाठी बंद झालं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनेही आउटलुक कस्टमर मॅनेजर २०१६ साली आणून २०२० मध्ये गुंडाळलं. म्हणून चाचणीतच सगळा डेटा बाहेर काढून बघा. नावं आणि नंबर सगळेच देतात. तुम्ही लिहिलेल्या नोंदी, तारखा आणि जोडलेल्या फाइली बाहेर येतात का, ते बघायचं.

लॉगिन चौघांची चार घ्या. पैसे वाचवायला एकच लॉगिन चौघांत वाटून घेतात, मग कोणी काय लिहिलं आणि कोणी पुसलं याचा काही माग राहत नाही. मुख्य ॲडमिनचं खातं धंद्याच्या ईमेलवर काढा, बसवून देणाऱ्याच्या नको. यात मीही आलो. आणि तुमच्या धंद्यात हे फार बघतो म्हणून सांगतो: गिऱ्हाइकाचे वायफाय किंवा सर्व्हरचे पासवर्ड नोंदींमध्ये लिहून ठेवू नका. ते चौघांना दिसतात, एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये उघडे पडतात आणि नोकरी सोडून गेलेल्याच्या लॅपटॉपवर राहतात. त्यासाठी बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर वेगळा ठेवा.

एआयचा मुद्दा दोन ओळींत उरकतो. बोलून केलेली नोंद टाइप करून देणं, लांबलचक ईमेलचा सारांश काढणं, याला ते उपयोगी आहे. ‘कोणती चौकशी पिकेल हे एआय सांगेल’ यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, तुमच्या महिन्याच्या मोजक्या चौकशांतून शिकण्याइतका माल त्याला मिळतच नाही.

शेवटचा अडसर बहुधा तुम्ही स्वतः असाल. मालक फोन करून ‘त्या तीन प्रिंटरवाल्यांचं काय झालं रे?’ असं विचारत राहिला की पोरांना कळतं, सिस्टिममध्ये लिहिलं नाही तरी चालतं. उत्तर सिस्टिममध्ये असेल तर तिथे बघा. नसेल तर ‘काय झालं’ विचारू नका, ‘नोंद कर’ एवढंच म्हणा आणि नोंद आली की तीच वाचा.

पैसे मात्र सुरुवातीला महिन्याचे महिन्याला भरा. वर्षाचे एकदम भरले तर सूट मिळते, पण ती नूतनीकरणाची एक फेरी पार पडल्यावर घ्या. पहिल्या तीस-चाळीस करारांची आठवण वेळेवर आली, तर त्या सवलतीचा विचार करायला हरकत नाही.