पाय मुरगळल्यावर काय खाल्लं तर घोटा लवकर बरा होईल?

लवकर बरा करणारा असा एकच पदार्थ नाही. पण खाण्यात हयगय केली तर बरं व्हायला वेळ लागतो, हे नक्की.

मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध (लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) ताणला जातो किंवा थोडाफार फाटतो. तो मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि शरीराला तेच पुन्हा विणायचं असतं. म्हणून आधी प्रथिनांकडे बघा. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. सगळं रात्रीच्या जेवणात कोंबू नका, प्रत्येक खाण्यात थोडं थोडं घ्या: अंडी, दूध, दही, डाळी, मासे, काहीही चालेल. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

कोलॅजनचे धागे घट्ट व्हायला क जीवनसत्त्व लागतं. रोज एखादं संत्रं किंवा पेरू खाल्लात तरी भागतं, गोळ्यांची गरज सहसा पडत नाही.

लोक हमखास चुकतात ते इथे: चालणं बंद झालं, वजन वाढेल, म्हणून जेवण निम्म्यावर आणतात. कृपा करून असं करू नका. पोटाला पुरेसं मिळालं नाही की शरीर स्नायूच मोडून खातं आणि पोटरी आणखी बारीक होते. दारू आणि सिगारेट मात्र या काळात बंदच ठेवा.

आणि व्यायाम टाळून नुसत्या खाण्यावर विसंबू नका, अस्थिबंधाला हळूहळू भार मिळाला तरच तो मजबूत होतो. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे काढून घ्या.