कंपनी परदेशातली, पैसे सांगलीतले

प्रश्न (तासगाव, द्राक्ष बागायतदार): ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये नोंदलेल्या फॉरेक्स (परकीय चलनाच्या व्यापाराच्या) कंपनीत एजंटमार्फत साडेचार लाख गुंतवले. आता अ‍ॅपच बंद आहे. पोलीस ठाण्यात सांगतात, कंपनी बाहेरची, आमची हद्द नाही.

उत्तर: हद्द कंपनीच्या नोंदणीवरून ठरत नाही. फसवणुकीचे मेसेज जिथे आले किंवा पैसे जिथून दिले, तिथल्या न्यायालयाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 202 नुसार अधिकार आहे. परतफेडीच्या बोलीवर पैसे घेतले असतील, तर 1999 चा एमपीआयडी (महाराष्ट्रातल्या ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा) कायदाही लागू होऊ शकतो. त्याच्या कलम 4 खाली राज्य शासन मालमत्ता जप्त करून सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात देतं. कंपनी कायद्यातही वाट आहे. एजंटमार्फत किंवा ऑनलाइन भारतात धंदा करणारी बाहेरची कंपनी कलम 2(42) प्रमाणे ‘परदेशी कंपनी’ ठरते, आणि कलम 228 मुळे चौकशीच्या तरतुदी तिलाही लागू होतात. मात्र केंद्राची एसएफआयओ (कंपन्यांच्या गंभीर घोटाळ्यांचा तपास करणारी) यंत्रणा मोठी प्रकरणं घेते. तुम्ही जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेपासून सुरुवात करा.

फिर्यादीत बहुतेकजण कंपनीचं नाव ठळक लिहितात आणि एजंटचा उल्लेख एका ओळीत उरकतात. उलट करा. आपल्या पोलिसांचा हात सर्वांत आधी पोचतो तो एजंट, त्याचं खातं आणि त्याचं कमिशन इथपर्यंत. प्रत्येक भरण्याची तारीख, रक्कम, यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा क्रमांक) आणि पैसे घेणाऱ्याचं खातं लिहा. चॅटच्या प्रिंट पुरत नाहीत. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन रिसेट करू नका, विकू तर मुळीच नका.

प्रश्न (विटा, गलाई व्यावसायिक): वार्षिक फी न भरल्यामुळे तिकडच्या निबंधकाने कंपनीचं नावच काढून टाकलं. मग चौकशी कोणाची?

उत्तर: भारतात धंदा करून तो थांबवलेली परदेशी कंपनी तिकडे विसर्जित झाली असली, तरी कंपनी कायद्याच्या कलम 376 प्रमाणे इथे तिचं अवसायन (मालमत्ता विकून देणी भागवणं) करता येतं. पण इथे मालमत्ता नसेल तर तो आदेश कागदावरच राहतो.

तिकडच्या बँकेची माहिती हवी असेल तर तपास अधिकारी थेट पत्र लिहू शकत नाही. आधी आपल्या फौजदारी न्यायालयाचं विनंतीपत्र, मग गृह मंत्रालय, मग तिकडचं सरकार. तिकडेही तो गुन्हा ठरतो का, नेमकं कोणतं खातं, कोणत्या तारखा, हे त्यात नसेल तर पत्र शंका विचारत परत येतं आणि वर्ष जातं. तिकडे अवसायक नेमला असेल (आपल्याकडे बुडालेल्या पतसंस्थेवर नेमतात तसाच), तर त्याच्याकडे मुदतीत दावा दाखल करा. इथला गुन्हा त्या दाव्याची जागा घेत नाही. अवसायकाची फी मात्र आधी वजा होते.

प्रश्न (मिरज, निवृत्त शिक्षक): मी बँकेतून डॉलर पाठवले. तक्रार केली तर मीच फेमात (परकीय चलन कायद्यात) अडकेन का?

उत्तर: वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण मार्जिन ट्रेडिंगसाठी (थोडी रक्कम भरून मोठा सौदा करण्यासाठी) नाही. पैसे बाहेर पाठवताना बँकेत भरायच्या ए-2 फॉर्मवर कारण ‘शिक्षण’ किंवा ‘भेट’ लिहून पैसे ट्रेडिंगला गेले असतील, तर ते उल्लंघन आहे. तरीही लपवू नका. ईडीने मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम 50 खाली बोलावलं तर खोटा जबाब हा वेगळाच गुन्हा. फेमाचं बहुतेक उल्लंघन कलम 15 खाली रक्कम भरून मिटवता येतं. त्या अर्जाआधी सीए गाठा.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. फेमाच्या कलम 37अ खाली प्रवर्तकाने बेकायदा बाहेर ठेवलेल्या संपत्तीइतकी इथली मालमत्ता जप्त होते, पण तो पैसा ठेवीदारांसाठी नसतो. मनी लाँडरिंग कायद्याखाली जप्त झालेली मालमत्ता मात्र त्याच्या कलम 8(8) मध्ये खऱ्या दावेदाराला परत देण्याची सोय आहे. म्हणून तुमचा दावा नोंदीवर असणं महत्त्वाचं.

प्रश्न (कराड): ‘ईडीने रक्कम सोडवली, 2 टक्के क्लिअरन्स भरा’ असा फोन आला. भरू का?

उत्तर: नाही. पैसे सोडवायला कोणतीही तपास यंत्रणा फोनवरून फी मागत नाही. नंबर जपून ठेवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. बुडालेल्या ग्राहकांची यादी बहुधा त्याच टोळीकडे असते.