सह्यांचे निवेदन पाठवण्याआधी पाळकांना एकट्याने भेटा

प्रिय बंधू, सलाम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सुगीच्या सणात जमलेल्या पैशांचा हिशेब विचारला की तुमच्या चर्चचे पाळक (धर्मगुरू) विषय बदलतात, वडील मंडळातील (चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी) दोघे त्यांच्याच बाजूने बोलतात, एक ज्येष्ठ बाई प्रत्येक सभेत उठून सर्वांना टाकून बोलतात, आणि आता तुम्ही 21 जणांच्या सह्यांचे निवेदन वरच्या कार्यालयाकडे पाठवण्याच्या विचारात आहात, असे तुम्ही लिहिले आहे. 2011 साली नवापूर तालुक्यातील आमच्या लहानशा मंडळीत (चर्चमध्ये) मी चिटणीस होतो. असेच एक निवेदन तेव्हा माझ्या हस्ताक्षरात लिहिले गेले होते आणि त्यावर 26 सह्या होत्या.

प्रार्थना करावी, मनात कटुता धरू नये, चहाडी टाळावी, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. मी निवृत्त शिक्षक आहे. पाळकाचे शिक्षण मी घेतलेले नाही आणि मी वकीलही नाही. प्रत्येक मंडळीची घटना, म्हणजे नियमावली, वेगळी असते, तेव्हा माझे म्हणणे तुमच्या घटनेशी ताडून पाहा.

एक बाब मात्र आधीच बाजूला काढतो. प्रश्न लहान मुलांच्या किंवा स्त्रियांच्या लैंगिक छळाचा असेल, तर पुढचे काहीही लागू नाही. तेथे पीडित व्यक्तीला आरोपीच्या घरी एकटीने पाठवणे हा दुसरा अन्याय आहे. मुलांच्या बाबतीत 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि मंडळीचे नाव जाईल म्हणून थांबण्याची मुभा कोणत्याही वडीलजनांना नाही. तुमचा प्रश्न पैशांचा आणि स्वभावांचा आहे असे समजून मी पुढे लिहितो.

आमच्याकडे सुगीच्या सणाला लोक भात, तूर, ज्वारी, भोपळे, कोंबड्या घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. अर्पणाची वस्तू म्हणून बोली बाजारभावाच्या वर जाते, नाव वहीत लिहिले जाते आणि पैसे पुष्कळदा नंतर देण्याचे ठरते. त्या वर्षी वहीतील बोलींची बेरीज 31,640 रुपये होती आणि बँकेत भरणा झाला होता 19,200 रुपयांचा. मी पाळकसाहेबांना दोनदा विचारले, दोन्ही वेळा उपासना सुटल्यावर, दारात, लोक चपला घालत असताना. ते म्हणाले, पुढच्या सभेत बघू. त्यांनी दोन वर्षे मंडळीपुढे हिशेब वाचला नव्हता. ती त्यांची चूक होती, आणि आजही मी तिला चूकच म्हणतो.

माझी चूक त्यानंतरची. मी निवेदन लिहिले आणि आठ दिवस घरोघर फिरून सह्या घेतल्या. प्रत्येक घरी मला सारी हकीकत नव्याने सांगावी लागे, आणि प्रत्येक वेळी माझा शब्द थोडा अधिक कडक होत गेला. पहिल्या घरी मी म्हणालो होतो की हिशेब मिळत नाही. शेवटच्या घरी लोकच मला सांगू लागले की पाळकांनी पैसे खाल्ले, आणि मी ते दुरुस्त केले नाही. त्या आठ दिवसांत मी 20 उंबरे ओलांडले, पण पाळकांचा उंबरा ओलांडला नाही. ते घर माझ्या घरापासून चार मिनिटांच्या अंतरावर होते.

निवेदन आम्ही रजिस्टर टपालाने वरच्या कार्यालयाकडे पाठवले. ते कोणते हे मी येथे लिहिणार नाही. चार महिने उत्तर आले नाही. नंतर कळले की तेथील जबाबदार व्यक्तीने आमचे निवेदन सर्व सह्यांसकट झेरॉक्स करून पाळकांच्याच हाती दिले होते आणि हे तुमच्या पातळीवर मिटवा असे सांगितले होते. चौकशीला कोणी आले नाही, वही कोणी मागितली नाही, सही करणाऱ्यांपैकी एकालाही कोणी विचारले नाही. मंडळीचा वार्षिक हिस्सा थकला तर स्मरणपत्र पाठवणाऱ्या कार्यालयाला एक माणूस बसने पाठवता आला नाही, याचे दुःख मला अजून आहे. बायबलमध्ये 1 तीमथ्य 5:19 येथे वडीलजनांवरील आरोप दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून स्वीकारू नये असे सांगितले आहे, आणि त्यानंतर दोनच वचनांवर कोणाचाही पक्ष न धरता वागण्याची ताकीद आहे. त्या कार्यालयाने आरोप तपासलाही नाही आणि फेटाळलाही नाही, तो फक्त एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचवला.

त्याची किंमत मंडळीने मोजली. पाळकसाहेबांच्या पत्नीने संडे स्कूल सोडले. सही केलेली घरे आणि न केलेली घरे उपासनेत वेगवेगळ्या बाजूंना बसू लागली. तीन महिने प्रभुभोजन झाले नाही, कारण पाळक म्हणाले की एकमेकांशी न बोलणाऱ्यांना भाकर कशी वाटू. एक वडीलजन कुटुंबासह निघून गेले आणि परत आले नाहीत.

अखेर दोन्ही बाजूंना मान्य असलेले, नंदुरबारच्या एका मंडळीतील निवृत्त बँक कर्मचारी आले आणि एका दुपारी वही घेऊन बसले. ज्यांचे पैसे यायचे होते त्यांच्या नावांपुढे पाळकांनी पेन्सिलीने बारीक टिंबे केली होती. 12,440 रुपयांच्या फरकापैकी 11,890 रुपये लिलावाची उधारी होती, आणि उरलेल्या 550 रुपयांच्या मांडवाच्या पावत्या वहीतच खोचलेल्या होत्या. उधारी असलेली बरीच माणसे दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेली होती. उरलेल्यांपैकी सात जणांच्या सह्या आमच्या निवेदनावर होत्या, आणि त्यांत 1,350 रुपये माझ्या सख्ख्या थोरल्या भावाकडे होते. उपासनेत गरिबांची नावे वाचली तर त्यांची मान खाली जाईल, म्हणून पाळक गप्प राहिले होते. त्यांचा हेतू मला मान्य आहे, पण गप्प राहणे मान्य नाही. नावे न घेता नुसता बाकीचा आकडा वाचला असता तरी सारे मिटले असते.

मी क्षमा मागायला गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "भाऊ, तू माले काबर इचारं नही?" मी विचारले होते, दोनदा विचारले होते, असे मला म्हणता आले असते. पण चारचौघांत, दारात, उत्तर ऐकायला न थांबता विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी विचारणे मानले नाही, आणि ते बरोबर होते.

म्हणून मत्तय 18:15-17 मधील क्रम मी आता अक्षरशः पाळतो. पहिली भेट दोघांतच असते आणि तिचा हेतू भाऊ परत मिळवणे हा असतो, पुरावा गोळा करणे हा नव्हे. तुमचे पाळक वयाने मोठे असतील, तर 1 तीमथ्य 5:1 प्रमाणे त्यांना खडसावू नका, वडिलांना विनवावे तसे बोला. आधी फोन करून आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, कारण रविवारी दुपारी पाळक थकलेला असतो. पैसे कुठे गेले असे न विचारता येणे बाकी किती आहे असे विचारा. पहिला प्रश्न माणसाला आरोपी करतो, दुसरा त्याला वही उघडायला लावतो.

त्याने भागले नाही तर एक-दोघांना बरोबर न्या, पण ते तुमच्या गटातील नकोत. ज्यांच्यावर पाळकांचाही विश्वास आहे असे असू द्या. त्यानंतर वडील मंडळ, मग मंडळी, आणि हे सारे झाल्यावरच वरचे कार्यालय. तेव्हाचे पत्र एका पानाचे असावे, त्यात तारखा असाव्यात, आणि ज्यांनी स्वतः पाहिले त्यांच्याच सह्या असाव्यात. 21 सह्यांपैकी 18 ऐकीव असतील, तर त्या तीन साक्षीदारांचे वजन वाढवत नाहीत, उलट घालवतात. पत्राची प्रत पाळकांना तुम्ही स्वतः नेऊन द्या, म्हणजे ती त्यांना दुसऱ्याकडून मिळणार नाही.

तुम्ही प्रश्न विचारताच कोणीतरी इब्री 13:17 वाचून दाखवील की पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा. ते वचन मी मानतो, पण पूर्ण मानतो. त्यातच म्हटले आहे की पुढारी तुमच्या जिवांची राखण करतात आणि त्यांना हिशेब द्यावयाचा आहे. 1 पेत्र 5:3 मध्ये वडीलजनांना कळपावर धनीपण न गाजवता उदाहरण होण्यास सांगितले आहे. गलतीकरांस पत्र 2:11 मध्ये प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला विरोध केला आणि तो तोंडावर केला. आपल्या मंडळ्यांत मात्र तोंडावर नमस्कार आणि पाठीमागे विरोध अशी सवय पडली आहे, आणि तिला आपण आज्ञाधारकपणा समजतो. माझ्या मते ती पाळकाचीही फसवणूक आहे.

याच ठिकाणी एक कडू वाटेल असे विचारतो. तुमच्या मंडळीने पाळकांचे मानधन गेल्या वर्षी किती महिने वेळेवर दिले? चांगला अधिकार चालवणाऱ्या वडीलजनांना दुप्पट मान द्यावा असे जेथे लिहिले आहे, तेथे लगेच मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये हे वचन येते, म्हणजे तेथे मानाबरोबर पोटाचाही विचार आहे. ज्याने खळ्यावर बैल हाकले आहेत त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. थकलेले मानधन आणि लपवलेला हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरीचे समर्थन होत नाही, पण हिशेब मागायला जाताना आपली बाजू कोरी असलेली बरी.

आता त्या बाईंविषयी. त्यांना व्हॉट्सअॅप गटातून काढावे का, असे तुम्ही विचारले आहे. काढू नका. मत्तय 18 मध्ये माणसाला बाहेरचा समजणे तिसऱ्या पायरीनंतर येते, आणि ते सारी मंडळी ठरवते. गटाच्या ॲडमिनने रात्री अकरा वाजता ते करणे मला योग्य वाटत नाही. तीताला पत्र 3:10 मध्ये दोनदा बोध करून दूर ठेवण्यास सांगितले आहे, पण ते फूट पाडणाऱ्यांविषयी आहे, तिखट जिभेच्या माणसांविषयी नाही.

1 थेस्सलनीकाकरांस 5:14 मध्ये पौलाने बेशिस्त वागणारे, खचलेले आणि अशक्त असे तीन प्रकार वेगळे केले आहेत: पहिल्यांना बोध, दुसऱ्यांना धीर, तिसऱ्यांना आधार, आणि सहनशीलता मात्र सर्वांसाठी. आम्ही आमच्या मंडळीतील एका आजींना वर्षानुवर्षे पहिल्या प्रकारात टाकले होते. मी इतिवृत्त पुस्तकी मराठीत वाचत असे, आणि त्यांची भाषा मावची, म्हणजे आमच्याकडची आदिवासी बोली. त्या उठून तेच ते विचारत, आम्ही त्यांना बसवत असू, आणि आपल्यापासून काही लपवले जाते असे त्यांना वाटे. पुढे तरुण संघातील एका मुलीने प्रत्येक ठराव मावचीत सांगायला सुरुवात केली, तेव्हा आजींचे प्रश्न कमी झाले आणि एकच उरला: लग्नांना मंडळीची भांडी भाड्याने जातात, त्याचे पैसे कोण ठेवतो? तो आम्हांपैकी कोणीच कधी विचारला नव्हता आणि त्याचे उत्तर कोणाकडेही नव्हते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा झाली म्हणून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही. सात जण निवडले, आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसे कामावर नेमली गेली, असा मी त्याचा अर्थ घेतो. आजी मात्र शेवटपर्यंत टोचूनच बोलत राहिल्या. माझ्या पत्नीला त्यांनी एकदा इतके लागेल असे सुनावले की ती दोन रविवार आली नाही. त्यांचा प्रश्न खरा होता म्हणून बोलणे गोड झाले नाही, आणि ते आम्हाला सोसावेच लागले.

वहीबद्दल थोडे. लिलावाचे पैसे त्याच दिवशी घ्या, आणि उधारी द्यायचीच असेल तर वहीत येणे बाकीचा रकाना स्वतंत्र ठेवा. अर्पण मोजायला एकमेकांच्या नात्यातले नसलेले दोघे बसवा. 2 करिंथकर 8:20-21 मध्ये पौलानेही मदतीच्या पैशांबाबत कोणाला दोष ठेवायला जागा राहू नये म्हणून बरोबर माणसे दिली होती. ऊसतोडीची माणसे परत येईपर्यंत मोठे निर्णय घेऊ नका. तुमची मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत बदल अर्ज दाखल होतो की नाही हेही पाहा, कारण कागदावर जुनीच नावे राहिली की प्रत्येक भांडणाला दोन कारभारी मिळतात. याविषयी तुमच्या भागातील वकिलांना विचारून खात्री करा.

निवेदन फाडू नका, पण पाठवूही नका, कपाटात ठेवा. बुधवारी किंवा गुरुवारी पाळकांकडे एकटे जाऊन या. त्याआधी गेल्या सुगीच्या सणाची वही पाहायला मिळाली, तर सही करणाऱ्या 21 जणांपैकी कोणाकोणाची बोली अजून बाकी आहे ते शोधा, आणि तुमच्या स्वतःच्या घरापासून सुरुवात करा. काय आढळले ते मला कळवा, मग पुढचे पत्र कसे लिहावे ते आपण पाहू.