मेव्हण्याला जामीन राहू का? सातबारा लावू, एफडी देऊ की रोख भरू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मेव्हण्याला मारामारीच्या केसमध्ये जामीन मंजूर झालाय, अट आहे 50,000 रुपयांचा जातमुचलका (म्हणजे हजर राहण्याची त्याने स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. सासरे म्हणतात तुमच्या गावच्या जमिनीचा सातबारा लावा, पैसे कुठे द्यायचेत, नुसती सही तर करायचीय. तुमचा हातात येणारा पगार 58,000, घराचा हप्ता 21,000, अडीअडचणीला ठेवलेली 2 लाखांची एफडी. आणि कोर्टाबाहेर कोणीतरी 8,000 मध्ये जामीनदार "आणून देतो" म्हणालाय.

तो 8,000 वाला विषय आजच बंद करा. अमेरिकेत फी घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या असतात, आपल्याकडे कायद्यात असा धंदाच नाही, त्यामुळे इथे जो माणूस पैसे घेऊन उभा राहतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावाची किंवा बनावट कागदं घेऊन उभा राहतो, आणि ते पकडलं गेलं की मेव्हण्याचा जामीन तर जातोच वर फसवणुकीचा नवीन गुन्हा लागतो.

आता सहीचं बघू. जामीनदार म्हणून तुम्ही एकच गोष्ट लिहून देता, हा माणूस तारखेला कोर्टात हजर राहील आणि नाही राहिला तर मी 50,000 भरीन. तो आला नाही तर कोर्ट मुचलका जप्त करतं, तुम्हाला नोटीस काढतं की दंड का वसूल करू नये सांगा, तुमचं कारण पटलं तर रक्कम कमीही करू शकतं. नाही पटलं आणि भरलेही नाहीत तर दंडासारखी वसुली, तीही झाली नाही तर जामीनदाराला 6 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हे आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम 446 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (बीएनएसएस) कलम 491 मध्ये आहे. पण त्याला शिक्षा झाली तर त्याचा दंड किंवा समोरच्याची भरपाई तुमच्या गळ्यात येत नाही. सिबिलची भीती तुम्ही लिहिलीय, तीही काढून टाका, कर्जाला गॅरंटर राहणं वेगळं आणि हे वेगळं, हे तिथे दिसत नाही.

म्हणजे जास्तीत जास्त नुकसान 50,000. तुमच्या परिस्थितीत ते दुखेल पण बुडवणार नाही. मला काळजी रकमेची नाही, मुदतीची आणि माणसाची आहे. केस किती वर्षं चालेल ते कोणी सांगू शकत नाही आणि तोपर्यंत तुम्ही बांधलेले. बरं निकालाच्या आधी कोर्ट पुन्हा 6 महिन्यांचा मुचलका मागतं, वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहायला, म्हणजे तेव्हा परत जामीनदार शोधा. आणि तुम्हीच लिहिलंय की मेव्हणा साइटवर फिरतीचं काम करतो, नंबर बदलत राहतो, दोन-तीन महिने घरी फोन नसतो. असा मुलगा पळून नाही जात हो, त्याला तारीखच माहीत नसते, पण कोर्टाच्या वहीत दोन्ही सारखंच, वॉरंट निघतं.

त्यामुळे माझा पहिला पर्याय रोखीचा. बीएनएसएसच्या कलम 490 प्रमाणे कोर्ट परवानगी देऊन जामीनदाराऐवजी रक्कम भरून घेऊ शकतं. सासऱ्यांकडे 30,000 आहेत असं तुम्ही म्हणता, तुम्ही 20,000 घाला आणि ते बायकोच्या भावाला दिले असं समजून मनातून वजा करा. तुमच्या नावावर कुठलीच जबाबदारी राहत नाही आणि नुकसान झालं तर 50 ऐवजी 20 हजारांचं. पैसे कोर्टात पडून राहतील, त्यावर व्याज धरू नका, एफडीच्या 7 टक्क्यांनी बघितलं तर 20,000 वर वर्षाला 1,400 रुपये गेले, चालतंय की. पावती सासऱ्यांच्या नावाची घ्या आणि ओरिजिनल जपून ठेवा, केस संपल्यावर परत मागायला तीच लागते. एक अडचण आहे, बरीच कोर्टं रोख जामीन काही आठवड्यांपुरताच देतात आणि तेवढ्यात जामीनदार आणा म्हणतात, म्हणून वकिलाला अर्जातच केस संपेपर्यंत असं मागायला सांगा.

नाहीच ऐकलं कोर्टाने तर जामीन राहा, पण पगाराच्या स्लिपवर किंवा 50,000 ची वेगळी एफडी काढून. 2 लाखांची अख्खी एफडी पुढे करू नका, मोडून दोन करा, थोडं व्याज जाईल जाऊ दे. सातबारा अजिबात नाही. जमीन भावाबरोबर सामाईक आहे, त्याची संमती लागणार, उद्या सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात नोंद चढली तर विकताना किंवा पीककर्ज घेताना ती काढायला कोण हेलपाटे मारणार? 50,000 साठी एवढी मोठी वस्तू अडकवायची नसते. आणि जिल्ह्यातलीच जमीन लागते हे जे सासऱ्यांना कोणी सांगितलंय त्याला फार मान देऊ नका. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या केसमध्ये असाच 10,000 चा जामीन आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालणार नाही असा प्रकार झाला होता, सुप्रीम कोर्टाने त्याला 1,000 च्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडलं. रक्कम कमी करून मागता येते हे वकिलाला विचाराच, फुकट आहे.

सासऱ्यांकडून "बुडाले तर मी भरून देईन" असं लिहून घेऊ का, हा तुमचा प्रश्न हुशारीचा आहे पण कामाचा नाही. जामीनदाराची आधीच भरपाई ठरवून ठेवणं कोर्टं सार्वजनिक धोरणाविरुद्ध धरतात, कारण मग तुम्हाला त्याच्यावर लक्ष ठेवायची गरजच उरत नाही. तो स्टॅम्पपेपर घेऊन भांडायला गेलात तर पैसे मिळणार नाहीत आणि सासुरवाडीचा चहाही बंद.

मधेच बाहेर पडता येतं का? कायद्याने येतं, बीएनएसएसचं कलम 489, कधीही अर्ज करा. पण अर्ज केला की कोर्ट मेव्हण्याविरुद्ध वॉरंट काढतं आणि त्याने दुसरा जामीनदार दिला नाही तर तो परत आत. बायकोच्या तोंडावर हा अर्ज तुम्ही टाकणार आहात का ते तुमचं तुम्ही ठरवा, मी तरी हा दरवाजा हिशोबात धरत नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून टाकलीय, 4 वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एकाला अपघाताच्या केसमध्ये जामीन राहिलो होतो, पुढे काय झालं माहीत नाही. हे आधी शोधा. जामीनदाराला आपण आणखी किती जणांना जामीन आहोत ते सगळं कोर्टात लिहून द्यावं लागतं, लपवलं तर अडचण तुमची. त्या माणसाकडून केस नंबर घ्या, ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाका, निकाल लागलाय का पुढची तारीख पडलीय ते दिसेल. चालू असेल तर तेही 50,000 सारखंच एक देणं धरा, मग मी तुम्हाला दुसरी सही करूच नका म्हणेन, रोखीचे 20,000 द्या आणि कोर्टाने रोख नाहीच घेतली तर सासऱ्यांना दुसरा जामीनदार बघायला सांगा.