मे महिन्यातली परदेशी सेवा : वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे (चर्चचे) तरुण संघ सुट्टीत परदेशी सेवाफेरीला जाऊ लागले आहेत, तशी त्याविषयीची पत्रेही वाढली आहेत. प्रश्न जागेअभावी थोडे आखडले आहेत.

आमच्या तरुण संघातले १४ जण मे महिन्यात १० दिवस नेपाळला जाणार आहेत. त्यात चौघे १६-१७ वर्षांचे आहेत. सुट्टीतली बायबल शाळा घ्यायची, चर्चला रंग द्यायचा आणि बाजारात सुवार्तेची पत्रके वाटायची, असा बेत आहे. नेपाळला व्हिसा लागत नाही, म्हणजे आधार कार्ड पुरेल ना?
*(कार्यवाह, वाशी)*

नाही पुरणार. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही हे खरे आहे, पण १५ ते ६५ वयाच्या माणसाचे आधार कार्ड या प्रवासात ओळखपत्र म्हणून चालत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. तुमच्या चौघांचे मतदार ओळखपत्र असणारच नाही. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र चालते. अडचण अशी की, मे महिन्यात मुख्याध्यापक रजेवर असतात आणि शाळेचे कार्यालय जेमतेम उघडे असते. ते प्रमाणपत्र परीक्षा संपायच्या आत, मूळ सही-शिक्क्यासह हातात घ्या. चौघांचे पासपोर्ट निघत असतील तर उत्तमच.

रेल्वेने जाणार असाल तर गोरखपूर आणि तिथून रस्त्याने सुमारे ९०-१०० किलोमीटरवरचे, सीमेवरचे सोनौली, हा नेहमीचा रस्ता. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, आणि मे महिन्यात उत्तर प्रदेशाकडे जाणाऱ्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच भरतात. १४ जणांची तिकिटे एका अर्जावर निघत नाहीत. ६-६-२ असे तीन अर्ज करावे लागतात, तेव्हा तीन जणांनी एकाच वेळी बसायचे.

आता पत्रके. ती इथेच ठेवून जा. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातले अनुच्छेद २६ दुसऱ्याचे धर्मांतर करायला मनाई करते. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ मध्ये त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर काढतात. तुम्ही दहा दिवसांनी वाशीला परत याल. ज्या मंडळीने तुम्हाला बोलावले तिचा पाळक (पास्टर) मात्र तिथेच राहणार आहे, आणि चौकशीला त्यालाच जावे लागणार आहे. म्हणून काय बोलायचे, कुठे बोलायचे, फोटो कुठे टाकायचे, हे त्याने ठरवायचे. आपण ऐकायचे. मंडळीच्या आवारात, तिच्याच मुलांसाठी तिने मागितलेली शाळा घेणे वेगळे आणि बाजारात उभे राहून पत्रके वाटणे वेगळे, हा फरक निघण्याआधी प्रत्येकाला, पालकांनाही, नीट समजावून सांगा.

बायबल शाळेच्या वेळा ठरवताना दोन गोष्टी हमखास चुकतात. नेपाळी मंडळ्यांची मुख्य उपासना शनिवारी होते. शनिवार ‘प्रवासाचा दिवस’ धरलात तर मंडळी भेटतच नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात सुट्टी असते, पण नेपाळात नवे शालेय वर्ष वैशाखात सुरू होते, त्यामुळे मुले तेव्हा शाळेत असतात. सकाळी दहाची शाळा ठेवलीत तर रिकाम्या सतरंज्यांपुढे गाणी म्हणावी लागतील. संध्याकाळचे दोन तास धरा.

भाषेच्या बाबतीत मराठी मुलांना एक सोय आहे. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे गाणी पहिल्या दिवसापासून वाचून म्हणता येतात. दोन नेपाळी गाणी इथूनच पाठ करून जा. भेटल्यावर ‘जय मसीह’ म्हणा. पण वाचता येते म्हणजे बोलता येते असे नव्हे, गोष्ट दुभाष्याकडूनच सांगावी लागेल. दुभाष्यामुळे वेळ दुपटीहून थोडा जास्तच लागतो. १२ मिनिटांची गोष्ट २५ मिनिटांवर जाते, आणि सात-आठ वर्षांची मुले तेवढा वेळ बसत नाहीत. मूळ गोष्ट ६-७ मिनिटांत बसवा. एक वाक्य बोलून पूर्ण थांबा, अर्धे वाक्य दुभाष्याला देऊ नका. यमक आणि शब्दांवरचे विनोद गाळा. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी आधी मराठी शिकण्यात वर्षे घातली, त्यांचा मराठी नवा करार १८२६ साली छापून झाला. दहा दिवसांच्या पाहुण्यांनी निदान गोष्ट तरी लिहून, भाषांतरासाठी महिनाभर आधी यजमानांकडे पाठवावी.

सामानाचा हिशेब असा. ६० मुले आणि ५ दिवस धरले तर हस्तकलेचे ३०० संच होतात. पण बातमी पसरते, पहिल्या दिवशी ४० आलेली मुले तिसऱ्या दिवशी ७० होऊ शकतात, म्हणून ३६० संच धरा. बोथट टोकाच्या कात्र्या १५, गोंदाच्या कांड्या १५. ए-फोर कागदाचे ५०० पानांचे एक रिम अडीच किलो भरते, ते वाहून नेऊ नका, तिथल्या दुकानातून घ्या. दुकानदाराचाही फायदा आणि तुमच्या सामानाच्या वजनाचा हिशेबही सुटतो. दर १० मुलांमागे दोन मोठी माणसे हवीत, त्यातले एक तिथले.

रंगकामाचे म्हणाल तर यजमानांनी मागितले असेल तरच करा. ओल असलेल्या भिंतीवर, न घासता, दोन दिवसांत मारलेला रंग पावसाळ्यात सुटतो आणि मग मंडळीला रंगाऱ्याचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. तिथला रंगारी लावा आणि मुलांना त्याच्या हाताखाली घासकामाला द्या.

माझी १७ वर्षांची मुलगी एका संस्थेबरोबर तीन आठवड्यांसाठी केनियाला जाऊ इच्छिते. पासपोर्टपासून सुरुवात आहे. काय काय करावे लागेल?
*(एक आई, घोडबंदर रोड)*

पासपोर्टमध्येच एक खाच आहे. १८ च्या आतल्यांचा नेहमीचा पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा १८ वर्षे पूर्ण होईपर्यंतचा, यातले जे आधी येईल तोवरचा असतो. त्याचे शुल्क १,००० रुपये. तुमच्या मुलीला तो घेतलात तर काही महिन्यांतच संपेल, आणि केनियासारख्या देशाला प्रवेशावेळी ६ महिने शिल्लक असलेला पासपोर्ट लागतो. १५ ते १८ वयाच्या अर्जदाराला १० वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, शुल्क १,५०० रुपये. अर्ज भरताना तोच पर्याय निवडा. ठाण्याचे पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. आई-वडील दोघांच्या सहीचे परिशिष्ट ‘डी’ लागते. एकाच पालकाची संमती मिळत असेल तर परिशिष्ट ‘सी’. तातडीचा हवा असेल तर वर २,००० रुपये.

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ई-टीए (प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) सुरू केला आहे. त्यात प्रवासाचे कारण खरे तेच लिहा. ‘पर्यटन’ लिहून शाळेत शिकवताना सापडणे हा संस्थेचा नव्हे, मुलीचा गुन्हा धरला जातो. प्रत्यक्ष काम करायचे असेल तर कोणता परवाना यजमानांनी काढला आहे, हे संस्थेकडून लेखी घ्या.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस टाळता येणार नाही. केनियातून परतणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर मुंबई विमानतळावर उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य होते आणि मग आयुष्यभर चालते. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच मिळते. मुंबईत बंदर आणि विमानतळ आरोग्य संघटनांची केंद्रे आहेत. वेळ आधी घ्यावी लागते, आणि सुट्टीच्या तोंडावर ती लवकर मिळत नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोवरासारखी दुसरी जिवंत लसही बाकी असेल तर दोन्ही एकाच दिवशी घ्यायच्या, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्यायचे. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वात यांचा विचारही त्याच भेटीत करा. हे सगळे निघण्याआधी सहा आठवडे.

मलेरियाची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची. डॉक्सीसायक्लिन दिले तर ते परत आल्यावरही चार आठवडे रोज घ्यायचे असते. घरी आल्यावर ‘आता झाले’ म्हणून पाकीट बाजूला पडते, आणि मुले चुकतात ती इथेच. परतीनंतर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘केनियाहून आले आहे’ असे सांगायचे. जून-जुलैत ठाण्यात ताप म्हटले की व्हायरल किंवा डेंग्यू वाटतो. आफ्रिकेतला फाल्सिपेरम हा जीवघेण्या प्रकारचा मलेरिया तेवढी वाट पाहत नाही.

एक बारीक गोष्ट. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे. आपण चपला एका पिशवीत, ओले कपडे दुसरीत असे बांधतो. सगळे कापडी पिशव्यांत भरा.

आणि संस्थेला हे विचारा: मुलींच्या खोलीत कोण झोपणार, रात्री दवाखान्यात न्यायचे झाले तर गाडी कोणाची, मुलगी मध्येच परत येऊ म्हणाली तर तिकिटाचे पैसे कोण देणार, आणि विमा अंगमेहनतीच्या कामाला व मोटारसायकलवरच्या अपघाताला लागू आहे का. उत्तरे कागदावर आली नाहीत तर पैसे भरू नका. दोन्ही पालकांच्या सहीचे, नोटरी केलेले संमतीपत्र मुलीच्या हातसामानात असू द्या. उपचारांना संमती देण्याचा अधिकार कोणाला, हे त्यात नावानिशी लिहा.

अनाथाश्रमात आठवडाभर राहून मुलांना प्रेम द्यावे, असे आमच्या मुलींच्या मनात आहे.
*(ऐरोली)*

भावना खरी आहे, पण हे करू नका असेच आम्ही सांगू. मुलांना जीव लावून सातव्या दिवशी निघून जाणारी माणसे वर्षातून आठ-दहा वेळा येत राहिली, की मूल माणूस दिसताच चिकटायला आणि लगेच विसरायला शिकते. ते प्रेम नव्हे, जखम असते. दुसरे कारण आणखी कडू आहे. पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून आई-वडील हयात असलेली मुले शिक्षणाच्या आमिषाने आश्रमांत आणली जातात. नेपाळातली बालगृहे मुख्यतः काठमांडू खोरे, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच दाटलेली आहेत, ती उगाच नव्हे. मुलींनी मंडळीतल्या शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या साप्ताहिक बायबल वर्गाच्या) शिक्षिकांबरोबर काम करावे. त्या तिथेच राहणार आहेत, शिकवलेले त्यांच्याकडे टिकते. मुलांचे फोटो नाव-गावासह कुठेही टाकायचे नाहीत, आणि कोणीही एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटे राहायचे नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रौढांकडून काही यजमान पोलिस पडताळणीचा दाखला मागतात. तो पासपोर्ट सेवा केंद्रातूनच, ५०० रुपयांत मिळतो.

दुबईतली एक मंडळी आमच्या तिकिटांसाठी ३ लाख रुपये आमच्या मंडळीच्या खात्यात पाठवणार आहे. पावती कशी फाडायची?
*(खजिनदार, कळवा)*

थांबा, पैसे येऊ देऊ नका. परदेशी देणगी घ्यायला २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि नोंदणी असली तरी पैसे प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात. तुमच्या कळव्याच्या बचत खात्यात एक रुपयाही घेता येत नाही. ‘दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडून फिरवून घेऊ’ ही वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद केली आहे. सभासदांच्या खात्यांवर तुकडे करून घेणे हे कायदा चुकवणेच आहे. देवाच्या कामाचा हिशेब अगदी उघड्यावर ठेवता आला पाहिजे.

तिकिटे ज्याची त्याने आपल्या खात्यातून काढावीत. फूड सेल, कॅलेंडरविक्री वगैरेंतून इथेच जमवलेल्या पैशांची प्रत्येक पावती फाडा. न्यासाच्या पैशांतून परदेशात खर्च करण्याआधी सनदी लेखापालांना विचारा, करसवलतीवर त्याचा परिणाम होतो. यजमान मंडळी तिच्याच देशात राहण्या-जेवण्याची सोय करू शकते. मात्र तुमच्यातला कोणी रेल्वेत, सरकारी बँकेत किंवा अन्य सरकारी नोकरीत असेल, तर परदेशी पाहुणचार घ्यायला त्याला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. हे फार जणांना माहीत नसते. नेपाळ-भूतान सोडून इतर देशांना रोख परकीय चलन माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येते, बाकीचे फॉरेक्स कार्डावर ठेवा. एकूण खर्चाच्या १० टक्के रक्कम हात न लावता राखीव ठेवा, ती कोणालातरी एकट्याला परत पाठवण्यासाठी.

औषधे वाटली तर चालतील का?
*(नेरूळ)*

नाही. तिथल्या परवान्याचा डॉक्टर समोर असल्याशिवाय पॅरासिटामॉलही नाही. स्वतःची औषधे मूळ पाकिटात, चिठ्ठीसह न्या.

विमानात काय अडवतात?
*(कोपरखैरणे)*

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. तेलामुळे ते ज्वलनशील धरतात. पॉवर बँक फक्त हातसामानात आणि १०० वॉट-तासांपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएच.

जागा १२ आणि नावे ३०. निवड कशी करावी?
*(पाळक, ठाणे)*

पाळकसाहेब, आधी यजमानांचे पत्र पुन्हा वाचा. त्यांनी १२ माणसे मागितली आहेत की आपण ठरवली आहेत? चार शिक्षक हवे असतील तर चारच पाठवा. त्यांना जेवू-झोपू घालायचे आहे.

मग इच्छुकांना डिसेंबरपासून सलग सहा शनिवार काम द्या, आणि ते आपली भाषा चालत नाही तिथे द्या. नवी मुंबईत तमिळ आणि मल्याळी मंडळ्या आहेत. त्यांच्या पाळकांना विचारून, त्यांना हवे असेल तर, लहान मुलांचा एक वर्ग दुभाष्यासह घ्या. घसा कोणाचा बसतो, वेळेवर कोण येते, सतरंज्या कोण गोळा करते, यजमान बाईंनी बेत बदलला तर तोंड कोण वाकडे करते, हे सगळे तिथे दिसते. गाणारे सहज मिळतात, पण बदललेला बेत मुकाट्याने उचलणारे थोडेच असतात, आणि तेच लागतात. दुभाष्याकडे पाहून बोलणारा कोण आणि मुलांकडे पाहून बोलणारा कोण, हे तर पहिल्याच शनिवारी कळेल.