टॅबवरच्या चाचणीआधी भावाचं ताट बघा

ताई, अपघातानंतर भावाला टॅबवरची मेंदूची चाचणी सांगितलीय आणि तुम्ही विचारताय, आठ दिवसांत काय तयारी करून घेऊ? तयारी अजिबात नको. तसलेच खेळ मोबाईलवर घोटून घेतले तर हात बसतो, गुण वाढतात आणि खरी उणीव झाकली जाते. चष्मा, औषधांची यादी हे तुम्ही बघालच. मी डॉक्टर नाही, एका पेशंटची बायको आहे. माझं वाचून औषधं वगैरे बदलू नका.

आमचे हे देवगडला हापूस उतरवताना झाडावरून पडले. मार डोक्याला उजवीकडे, ऑपरेशनही त्याच बाजूला. घरी आल्यावर रोज जेवताना कुरकुर, "लोणचं वाढलं नाहीस." लोणचं ताटात डावीकडे, नेहमीच्या जागी! मला वाटायचं, स्वभाव चिडका झालाय. एकदा सासूबाईंनी वैतागून ताटच फिरवलं, तर म्हणाले, "आत्ता वाढलंस होय!" आम्ही सगळे हसलो. हे मी पुढे कोणालाच सांगितलं नाही, क्षुल्लक वाटलं म्हणून. हीच माझी घोडचूक.

चाचणीला रात्रभर बसने गेलो आणि सकाळी तसेच थेट खुर्चीत. (तुम्ही आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. आंब्याच्या दिवसांत बसमध्ये पेट्यांना जागा मिळते, पेशंटला नाही.) पडद्यावर चित्र दिसलं की बोट लावायचं, मग आधीचं कुठे होतं ते दाखवायचं. मी दारातून बघत होते. उजवीकडचं चित्र हे झटकन टिपायचे, डावीकडचं आलं की बोट हवेत तसंच. मशीन मिलिसेकंद मोजतं, पण चित्र आठवलं नाही की मुळात जाणवलंच नाही, हे त्याला कुठून कळणार? त्यासाठी शेजारी माणूस लागतो, आणि तिथला माणूस टॅब सुरू करून देऊन बाहेर फोनवर. रिपोर्टात आलं, स्मरणशक्ती आणि अवधान फारच कमी. मी शंका काढली तर काउंटरवरून उत्तर, "रिपोर्ट सिस्टीममधून निघतो, त्यात बदल होत नाही." त्या केंद्राचं नाव घेत नाही, घेतलं तर तोंडातून दुसरंच काहीतरी निघेल.

त्या कागदावर आठ महिने गेले. व्यायाम सगळे स्मरणशक्तीचे, आणि ती बऱ्यापैकी शाबूत होती. पेट्यांच्या हिशेबात २८५० ला हे ८५० वाचायचे. धाकट्या दिरांनी वहीच काढून घेतली, "दादाला आता हिशेब जमत नाही."

शेवटी एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढली आणि म्हणाल्या, मधोमध खूण करा. यांनी खूण केली पार उजव्या टोकाकडे. घड्याळ काढायला सांगितलं तर १२ च्या १२ आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले. पेन्सिलीचं दोन मिनिटांचं काम. डोळे ठीक होते, डावी बाजू मेंदूच्या खिजगणतीतच नव्हती. मग वहीच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली, ती दिसेपर्यंत मान वळवायची आणि तिथून वाचायचं. आकडे बरोबर यायला लागले. दिरांकडून वही परत मिळायला मात्र अजून एक हंगाम गेला.

टॅबवरची चाचणी टाकाऊ, असं मी म्हणत नाही. वेग किती मंदावलाय, दमल्यावर चुका किती वाढतात, हे कागदावर इतकं नेमकं कळत नाही. पण नुसता शेवटचा आकडा घेऊन येऊ नका, कुठल्या भागात किती चुकलं तो तक्ता मागा. तुलना कोणाशी केली तेही विचारा. त्याच वयाच्या, तेवढ्याच शिकलेल्या आपल्याकडच्या माणसांशी, की परदेशातल्या? तोंडं वाकडी करतील, करू देत.

भावाचा मार कुठल्या बाजूला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आणि जेवून उठल्यावर त्याच्या ताटात काय उरतं, कुठल्या बाजूला?